बाबांची दाढी, चाळीस मिनिटं

मी एक नंबरची वेंधळी आहे, हे आमचे बाबा माझ्या लहानपणापासून सांगत आलेत. शुक्रवारी मी ते ऑफिसभर सिद्ध केलं.

झालं असं, की ऑफिसात कामाचे तास भरायला जे सॉफ्टवेअर आहे, त्याचंच फुकटातलं खातं मी घरीही उघडलंय. बाबांचं खुब्याचं हाड मोडल्यापासून त्यांचं कोण किती करतं, यावरून माझी आणि दादाची रोज जुंपायची. आता दोघंही तास लिहितो. भांडण होतं, पण पुराव्यानिशी. शुक्रवारी घाईघाईत घरचा अख्खा आठवडा मी ऑफिसच्या प्रोजेक्टमध्येही चढवला. 'बाबांची दाढी, ४० मिनिटं. बाबांचा रुसवा, २५ मिनिटं.' वर सबमिटही दाबलं. ते एकदा दाबलं की आपल्याला परत घेता येत नाही.

एरवी हसून सोडलं असतं. पण घरून काम करायची माझी परवानगी सोमवारी संपत होती. ती वाढली नाही तर बाबांना वृद्धाश्रमात ठेवायचं, असं दादाशी ठरलं होतं. आणि मी मॅनेजरबाईंच्या हाती आयतं कोलीत दिलं!

सोमवारी सकाळी दाढीचा ब्रश सापडेना. "जागच्या जागी ठेवायला काय होतं हो तुम्हाला?" मी बाबांवर खेकसले. तेवढ्यात बाईंचा फोन. हात ओले होते, म्हणून स्पीकरवर घेतला.

"तुमचं घरचं आणि ऑफिसचं शेजारी ठेवून पाहिलं," त्या म्हणाल्या. "दाढीच्या वेळात ऑफिसचं एक मिनिट लावलेलं नाही. सगळं संध्याकाळी भरून काढलंय."

"चुकलंच माझं, मॅडम..."

"चुकलंच. परत पाठवलंय, घरचं तेवढं काढून टाका. आणि परवानगी वर्षभर वाढवलीय."

माझा जीव भांड्यात पडला. फोन ठेवला आणि चक्क रडले.

बाबांनी काठीने पलंगाखालून एक पिशवी ओढली. आत दोन सदरे, चष्म्याची डबी, औषधं आणि दाढीचा ब्रश.

"काल रात्रीच भरून ठेवली होती," ते म्हणाले. "आयत्या वेळी तुझी धांदल नको."

त्यांनी ब्रश माझ्या हातात दिला आणि गाल पुढे केला.

"आज वीसच मिनिटं लाव. उरलेली वीस तुझ्या बडबडीची असतात."

त्या दिवशी बावन्न मिनिटं लागली. मी सगळी लिहिली.