छत्तीस किलो सातशे

"पोट आत घे गो, फुगलेलं दिसतंय," मैना म्हणाली.

"मीठ आत कसं घेऊ? पोट कवाच आत गेलंय," पुतळी म्हणाली.

रोह्याच्या एका दवाखान्यामागच्या संडासात दोघी उभ्या होत्या. पुतळीने परकराच्या नाडीखाली कमरेला जाड्या मिठाची नळी गुंडाळली होती. जुन्या लुगड्याचं कापड, हाताने घातलेली दुहेरी शिवण. मैनाने मागची गाठ आवळली, वरून साडी नीट केली आणि दोन पावलं मागे सरून बघितलं.

"पाचवा लागलाय असं वाटतंय."

"सेहेचाळीसाव्या वर्षी? बरं वाटलं असतं आमच्या घरवाल्यांना. आज जिवंत असते तर."

दोघी हसल्या. हसताना शिवण ताणली म्हणून पुतळी मध्येच थांबली.

एमआयडीसीतल्या एका कंपनीचा कंत्राटदार साफसफाईला बायका घेत होता. बारा महिन्यांचं काम, स्टेशनपासून गाडी आणि दुपारचं जेवण कॅन्टीनमध्ये. गेल्या मे महिन्यात शिफ्टवर एक बाई चक्कर येऊन जिन्यावरून पडली आणि गेली. मग वरून नियम आला. बायकांचा बीएमआय साडेअठराच्या वर पाहिजे आणि तीसच्या आत. बीएमआय म्हणजे वजन आणि उंचीचा हिशेब. ती बाई जिन्यावर का कोसळली, सकाळी काय खाऊन आली होती, हे कोणी विचारलं नाही. आकडा विचारणं सोपं असतं.

पुतळीच्या उंचीला चाळीस किलो हवे होते. गावच्या आशाताईच्या काट्यावर ती छत्तीस आणि वर थोडी भरली होती. पार त्रेचाळीस वर्षांची होईपर्यंत तिने पेणच्या खाडीत मिठागरावर टोपल्या वाहिल्या. मग बांध फुटला, खारं पाणी आत आलं आणि मालकाने बांध बांधलाच नाही. त्यानंतर ती हमरापूरला गणपतीच्या मूर्ती खरकागदाने घासायला जायची. ते काम गणपती आले की संपतं. देव घरोघरी जेवायला बसतात आणि मूर्ती घासणारी बाई घरी बसते.

मैनाची अडचण उलटी होती. तिला साडेतीन किलो उतरवायचे होते. गावात तिला रणगाडा म्हणत. पण दोघींच्या घरी ताट एकच होतं. सकाळी चहा-बटर, दुपारी भात, रात्री भात. वालाची उसळ असली तर दाणे पुरुषांना आणि पाणी बायकांना. मासळीचा मधला तुकडा ज्याच्या ताटात जातो तो कधी वजनकाट्यावर उभा राहत नाही. तोच भात एकीला नुसती हाडं देतो आणि दुसरीला चरबी. आणि मग दोघींनाही लोक खाण्यावरून बोलतात.

मैना तीन दिवस जेवली नव्हती. नुसत्या कोऱ्या चहावर होती. पहिल्या दिवशी सासूने विचारलं, "कसला उपास गो?" ती म्हणाली, "नोकरीचा."

सात वाजता आलेल्या बायकांचा नंबर साडेअकरापर्यंत लागला नाही. ऑक्टोबरचं ऊन, बाहेर पत्र्याची शेड. मिठाला घाम लागला की ते पाणी सोडतं. हे पुतळीइतकं कोणाला माहीत होतं? पण घरात वजनाला दुसरं होतं काय? तांदूळ घामाने ओले करून वाया घालवणं परवडलं नसतं आणि दगड अंगाला बसत नाहीत. मीठ अंगाच्या वळणाने बसतं. आता ते कमरेला चावत होतं, पायांवरून ओघळत होतं. ती सारखा पदर पुढे घेत होती.

कंत्राटदाराचा सुपरवायझर धनेश यादी घेऊन दारात आला. दोघींच्याच गावचा.

"पुतळीकाकी, चला. मैनाकाकी, तुम्ही मागोमाग."

आत नर्स होती, निशिगंधा. वयाने लहान, बोलायला बरी. काट्याला पायाखाली धातूच्या पट्ट्या होत्या, हातात धरायला दांडा होता. अनवाणी उभं राहायचं, मग यंत्र अंगातली चरबीही सांगायचं.

"चाळीस किलो तीनशे," निशिगंधा म्हणाली. "बीएमआय अठरा पॉइंट सहा. बसलात मावशी."

पुतळीने श्वास सोडला. दोन दिवसांपूर्वी अंगणात बसून तिने नळीत ओंजळीने मीठ भरलं होतं. साडेतीनच्या वर थोडं, असा तिच्या हाताचा अंदाज होता.

"चरबी अकरा टक्के?" निशिगंधाने भुवया वर केल्या. "आणि शरीराचं वय दाखवतंय अठरा."

"पुतळे, स्थळं बघाया लागू का गो?" मैना दारातून म्हणाली. बाहेरच्या बायका हसल्या. निशिगंधाही हसली. पण तिची नजर पट्ट्यांवर पडलेल्या ओल्या पावलांवर गेली. कडेने ती पांढरी वाळत होती; मिठाच्या पाण्याने यंत्र चकलं होतं. तिने कापूस घेतला, पट्टी पुसली आणि कागदावर चाळीस पॉइंट तीन लिहिलं.

"बाकावर बसा. डॉक्टरांची सही झाली की झालं."

मैना काट्यावर चढली. आधी बोटातून रक्त काढून झालं होतं. हिमोग्लोबिन आठ. एवढा देह आणि त्यात रक्त नाही. चरबी चव्वेचाळीस टक्के.

"एकोणसत्तर आठशे. तीस पॉइंट दोन." निशिगंधा हळू म्हणाली. "अर्धा किलो जास्त आहे, मावशी."

"थांब बाय."

मैनाने कानातलं काढलं. जोडवी काढली. पिना काढल्या, केसांचा आकडा काढला. काट्यावरचा आकडा जरासा हलला. मग ती हिरव्या बांगड्यांकडे बघत राहिली. घरात नवरा जिवंत असताना बाईने चुडा उतरवायचा नसतो. तिने एकेक बांगडी ओढून काढली. काढताना हात सोलला. शेवटी मंगळसूत्र काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"आता बघ."

"एकोणसत्तर सहाशे."

"अजून काय काढू?" मैनाने विचारलं आणि ती तशीच खाली गेली.

डोकं टेबलाच्या कडेला लागणार, तेवढ्यात पुतळी पोचली. निशिगंधा पाण्याला धावली. धनेश दारात यादी घेऊन उभाच. पुतळीने मैनाच्या काखांत हात घातले, गुडघा लावला आणि भरलेली टोपली डोक्यावर घेण्याआधी कमरेतून जसा झटका देतात तसा दिला. त्या झटक्यात मैना वर आली, बाकावर पडली. त्याच झटक्यात पुतळीची शिवण उसवली.

मीठ पडताना फार आवाज होत नाही. साडीच्या आतून फरशीवर ते सरसर येत राहिलं. पुतळीचे दोन्ही हात मैनाच्या पाठीखाली असल्यामुळे ती ते अडवू शकली नाही. अडवायला हात काढला असता तर मैना पडली असती.

डॉक्टर बाहेर आले. मैनाची नाडी बघितली, तिला साखरेचं पाणी द्यायला सांगितलं. मग फरशीकडे बघितलं.

"हे काय आहे?"



"काकी," धनेश म्हणाला, "माझं नाव घालवलंत."

"हिचं पुन्हा वजन करा," डॉक्टर म्हणाले.

पुतळी काट्यावर चढली. छत्तीस किलो सातशे. निशिगंधाने आधीचा आकडा खोडला. खोडताना मान वर केली नाही.

"कामाला अनफिट," डॉक्टर म्हणाले. "उद्या काही झालं तर जबाबदार कोण? आहार सुधारा. सहा महिन्यांनी या."

सत्तर किलोची बाई तिने आत्ता त्यांच्या डोळ्यांदेखत उचलली होती. ते कुठल्या रकान्यात बसत नव्हतं. तीन महिने कंपनीचं जेवण मिळालं असतं तर ती चाळीसची आपोआप झाली असती. तेही बसत नव्हतं. दोघीही नापास. दोघींच्या हातात एकच रंगीत कागद दिला गेला. त्यावर दूध, अंडी, सफरचंद आणि हसणारी गोरी बाई होती.

"मावशीला सांगा, झाडू तिकडे आहे," धनेश निशिगंधाला म्हणाला. काकी म्हणायचं आता संपलं होतं.

"मिठाला झाडू नाय लावत," पुतळी म्हणाली. ती उकिडवी बसली. तळहाताने मीठ ओढून पदरात भरत राहिली, टेबलाखालचंसुद्धा. समोर बायका पाय वर घेऊन बसल्या होत्या. मिठावर पाय पडू नये म्हणून.

गाडीला वेळ होता. रोह्याच्या फलाटावर पुतळीने डबा उघडला. तांदळाची भाकर आणि वालाची उसळ. मैनाच्या हाताला बांगड्या परत चढल्या नव्हत्या. त्या रुमालात बांधलेल्या होत्या. तिने पहिला घास घेतला.

"मीठच नाय गो."

पुतळीला आठवलं. पहाटे मीठ भरलेली नळी कमरेला बांधायच्या घाईत उसळीत घालायचं राहिलं होतं. तिने पदराची गाठ सोडली. वरचा कापसाचा धागा आणि फरशीची धूळ नखाने बाजूला केली, खालचं चिमूटभर घेतलं आणि उसळीवर भुरभुरलं.

मैना जेवली. सगळं जेवली. पुतळीने अर्धी भाकर खाल्ली आणि पदर पुन्हा बांधला. गाठ हातावर तोलली.

"तीनला थोडं कमी. बाकीचं पाझरलं, फरशीवर राहिलं."

"काटा हाय तुझ्या हातात," मैना म्हणाली. मग तिने विचारलं, "आनि मी? मी किती भरले गो तुला?"

पुतळी रुळांकडे बघत होती. कमरेवरच्या कातडीची आग होत होती.

"तू जड नाय लागलीस," ती म्हणाली.