खायला उठलेलं घर

मी कॅनव्हास बोलतोय. दचकू नका. माझ्या अंगावर जे आहे ते बघून बरेच जण दचकून गेले आहेत, तुमचंही एकदा होऊन जाऊ द्या. निळसर उजेडात एक दोन खोल्यांचं घर जमिनीवरून उठून उभं राहिलंय. खिडक्या अर्धवट मिटलेल्या, दार म्हणजे त्याचं तोंड. ते सताड उघडं, वर-खाली विटांचे दात, आणि उंबऱ्यावर ताट घेऊन बसलेली एवढीशी बाई.

ती बाई म्हणजे चंपाताई. घर त्यांचंच, बिबवेवाडीतलं. आणि हे सगळं रंगवणारी त्यांची एकुलती एक लेक, दीपाली.

जन्माने मी साधं सुती कापड. मला लाकडी चौकटीवर ताणलं, वरून पांढऱ्या रंगाचा हात फिरवला आणि दुकानात भिंतीला टेकवून ठेवलं. शेजारचे भाऊबंद एकेक करून गेले. कुणाच्या नशिबी गणपती आला, कुणाच्या नशिबी सूर्यास्त. मला दीपाली घेऊन गेली. ती चित्रकला शिकत होती, आणि तिचे वडील नुकतेच गेले होते.

भीमराव महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात चावीवाले होते. रस्त्यातलं लोखंडी झाकण उघडायचं, लांब चावी आत घालून फिरवायची, की वस्तीच्या नळांना पाणी. गमबूट चढवून पहाटे निघायचे, परत येऊन झोपायचे, आणि दुपारी स्वयंपाकघरातून चंपाताईंची हाक यायची, "अहो, खायला उठा!" मग ते डोळे मिटूनच उठून बसायचे आणि भली मोठी जांभई द्यायचे. लहानपणी दीपाली त्या जांभईत बोट घालून पळायची. मी हे पाहिलेलं नाही, पण दीपाली रंग कालवताना स्वतःशी बोलते, तेव्हा सगळं ऐकलंय.

एके दिवशी कामावरच छातीत कळ आली आणि माणूस गेला.

चंपाताई चारचौघांत फारशा रडल्या नाहीत. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब होते, त्यांच्या शेजारी नवऱ्याचा फोटो लावला आणि अंगणवाडीत कामाला जाऊ लागल्या. लेकीशीसुद्धा हवं-नको तेवढंच बोलायच्या. फक्त एकदा फोनवर बहिणीला म्हणाल्या, "बाकी ठीक आहे गं. पण घर खायला उठतं."

आतल्या खोलीत दीपालीने ते ऐकलं. तिच्यासमोर मी होतो, कोरा. तिने कोळशाची कांडी उचलली.

आता आमच्या घराण्याबद्दल थोडं सांगायला हवं. आम्हाला मराठीत अतिवास्तववादी म्हणतात. शब्द असा की ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा यावा! पण दीपालीच्या सुदर्शन सरांनी वर्गात सोपं करून सांगितलं होतं, आणि तिने ते मला काढता काढता घोकलं. पहिलं महायुद्ध नुकतंच होऊन गेलं होतं. पॅरिसमध्ये काही तरुण कवी जमले. शहाण्यासुरत्या जगाने माणसांची कशी कत्तल केली हे त्यांनी बघितलं होतं, काहींनी तर लष्करी इस्पितळांत जखमींची शुश्रूषा केली होती. त्या शहाणपणावरचा त्यांचा विश्वासच उडाला. तिकडे व्हिएन्नात एक डॉक्टर सांगत होता की स्वप्नं फालतू नसतात, दडपलेलं मन तिथे बोलतं. मग कवींनी डोकं बाजूला ठेवलं आणि हाताला येईल ते लिहू दिलं. मागोमाग चित्रकार आले. त्यांच्या चित्रांत घड्याळं वितळली, दगड आभाळात तरंगले. लोक हसले, चिडले. आज त्यांचीच नातवंडं घरोघरी आहेत. जाहिरातीत मोटार ढगांवरून धावते आणि कुणी हूं की चूं करत नाही.

"यात परकं काय आहे?" सर म्हणाले होते. "मनी वसे ते स्वप्नी दिसे, हे आपल्याकडे कोण म्हणत नाही? आणि स्वतःची भाषा ऐका जरा. पोटात कावळे ओरडतात, डोक्यावर मिऱ्या वाटतात. रोज बोलता, पण बघत नाही. एकदा बघा. आणि हाताला जाऊ द्या."

दीपालीने हाताला जाऊ दिलं. घर उठलं, तोंड उघडलं, दात आले. घराला पाय फुटले, आणि त्यांत काय घालावं हे न ठरवताच हात फिरत राहिला. थांबला तेव्हा तिथे गमबूट होते. ती त्यांच्याकडे बघत बसली आणि मग घळाघळा रडली. वडील गेल्यापासून पहिल्यांदाच.

मला कॉलेजच्या प्रदर्शनात लावलं. शनिवार पेठेतले एक आजोबा आले, माझ्याखालची पाटी वाचली, "अतिवास्तव का? अति तिथे माती!" म्हणाले आणि पुढे गेले. ते चष्मा काढून पुसून पुन्हा बघायला आले, म्हणून मी ती स्तुतीच धरली.

पण मला ज्या भिंतीवर जायचं होतं ती प्रदर्शनाची नव्हती. दीपालीने मला घरी आणलं, आईसमोर धरलं. "आई, तुझ्यासाठी काढलंय. बाबांच्या फोटोशेजारी लावू या."

चंपाताईंची नजर दातांवर गेली आणि तिथेच अडकली.

"हे आपलं घर?"

"हो."

"तुझ्या बापाने हाडाची काडं करून बांधलं हे. त्याला तू राक्षस केलंस?"

"आई, नीट बघ तरी..."

"बघितलं ना. मला गिळतोय. झालं समाधान?"

हे तुझंच वाक्य आहे, एवढंच दीपालीने सांगायचं होतं. पण आईने आपल्यापासून लपवलेलं दुःख आपण चोरून ऐकलं, हे कोणत्या तोंडाने सांगणार? तिने मला कपाटामागे सरकवलं, भिंतीकडे तोंड करून. त्या दिवसापासून मायलेकींचं बोलणं "जेवलीस का?" एवढ्यावर आलं. मला फार वाईट वाटलं हो. त्यांना जवळ आणायला जन्मलो आणि मीच मध्ये आलो.

पुढे दीपालीला हैदराबादला ॲनिमेशनच्या स्टुडिओत नोकरी लागली. ती गेली. आता घरात चंपाताई आणि कपाटामागे मी. स्वयंपाकघरातून फोडणीचा वाससुद्धा येईनासा झाला.

एका रविवारी दुपारी फोन वाजला. चंपाताईंनी तो स्पीकरवर टाकला.

"आई, जेवलीस का?"

"एकटीसाठी काय करायचं? कालचा भात खाल्ला."

"आई, खरं सांग. कशी आहेस?"

चंपाताई आधी "ठीक आहे" म्हणाल्या. मग म्हणाल्या, "घर खायला उठतं गं."

आणि स्वतःचेच शब्द ऐकून थबकल्या. पलीकडून दीपाली हळूच म्हणाली, "आई, मी तेच काढलं होतं. तू मावशीला म्हणालीस ते मी ऐकलं होतं."

कपाट खरखरत सरकलं. उजेड आला. चंपाताईंनी पदराने माझ्यावरची जळमटं पुसली, मला भिंतीला टेकवलं आणि समोर जमिनीवरच बसल्या. खाली बसल्यामुळे या वेळी नजर आधी पायांवर गेली.

"हे... यांचे गमबूट?"

"मी ठरवून नाही काढले, आई. हाताने काढले."

नजर सावकाश वर चढली. अर्धवट मिटलेल्या खिडक्यांवर थांबली आणि शेवटी तोंडावर आली. त्या आणखी पुढे सरकल्या.

"दीपा, हा जबडा नाही."

"मग?"

"जांभई आहे गं. यांची जांभई आहे ही!"

माझ्या अंगावर काय आहे हे मलाही तेव्हाच कळलं. इतके दिवस मी स्वतःला राक्षस समजत होतो. फोनच्या अलीकडे आई रडत होती, पलीकडे लेक, आणि दोघींनाही ते लपवायचं नव्हतं.

आता मी भीमरावांच्या फोटोशेजारी टांगलेला आहे. भिंतीला ओल आहे, कधीतरी माझा रंग तडकेल. हरकत नाही. तुम्हाला माझ्यासारखं कुणी भेटलं तर एवढंच करा, याचा अर्थ काय असं विचारण्याआधी घटकाभर त्याच्यासमोर खाली बसा.

चंपाताई अंगणवाडीतून येतात, ताजी भाकरी टाकतात. ताट वाढून माझ्यासमोर बसतात आणि घास घेण्याआधी हाक मारतात, "अहो, खायला उठा."

मी उठलेलाच असतो.