चुलीपुढचा प्रश्न

शालिकराम माणसांवर कधी चिडत नसे, कागदावर मात्र चिडायचा. नागपुरात सरकारी आहार शाखेत तो बडा बाबू होता, आणि त्याच्या टेबलावर रोज जो अर्ज येऊन पडायचा तो बघितला की त्याचं डोकं फिरायचं. एकतीस रकाने होते त्यात. उपाशी घरातल्या पाच वर्षांखालच्या पोराला महिन्याला दोन डबे दूधपावडर आणि सुकडीची पाकिटं द्यायची, एवढीच तर योजना. त्यासाठी 'अर्जदाराच्या कुटुंबाच्या उपजीविकेच्या साधनांचा सविस्तर तपशील', त्याखाली तलाठ्याचा दाखला, त्याखाली सरपंचाचा, आणि सगळ्यात शेवटी प्रतिज्ञालेख. आता तुम्हीच सांगा, जिच्या चुलीत तीन दिवस लाकूड गेलं नाही ती बाई प्रतिज्ञालेख कुठून आणणार? बाया कुही तालुक्यातून यायच्या, खिडकीशी तो कागद उलटा धरून उभ्या राहायच्या, आणि पोराला कडेवर सावरत परत जायच्या.

त्र्याहत्तर सालचा उन्हाळा होता. आदल्या पावसाळ्यात कुहीकडे धानाची रोवणीच झाली नव्हती. बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, उन्हानं तडकल्या होत्या. गावातले गडी कामठीला हातमागावर नाहीतर आणखी कुठं गेले होते, आणि घरी बाया नि पोरं उरली होती. पोरांचे हातपाय काड्यांसारखे झाले होते, पोटं तेवढी पुढं.

शालिकरामनं घरी तीन रात्री बसून नवा अर्ज केला. एक पान, मोठी अक्षरं, सहा प्रश्न. प्रत्येक प्रश्नापुढं दोन चौकोन, एक 'हो'चा, एक 'नाही'चा. तलाठी नको, सरपंच नको. पहिले पाच प्रश्न साधेच होते. सगळा निकाल सहाव्यावर होता: 'आज घरात खायला धान्य आहे का?' उत्तर 'नाही' असेल तर पोराचं नाव त्याच दिवशी यादीत चढणार होतं.

साहेब मधुकरराव. माणूस वाईट नव्हता, पण संशयी भारी. त्यांनी कागद दोनदा वाचला.

"शालिकराम, हे फार सोपं केलंत तुम्ही. उद्या अख्खा तालुका 'नाही' म्हणेल. फुकट मिळतंय म्हटल्यावर कोण सोडतो?"

शालिकरामला हे आधीच सुचलं होतं. तो म्हणाला, "साहेब, म्हणूनच अर्ज खिडकीवर घ्यायचा नाही. आपली सेविका घरोघरी जाईल. सहावा प्रश्न घराच्या आत, चुलीपुढं बसून विचारेल, आणि तिथंच अंगठा घेईल. चुलीपुढं बसून बाई खोटं बोलत नाही."

मधुकररावांना ते एकदम पटलं. 'उत्तर घराच्या आत, चुलीपुढे घेतलेलेच ग्राह्य धरावे' असं वाक्य त्यांनी शालिकरामकडूनच खाली घालून घेतलं. शालिकरामनं स्टेन्सिल स्वतः कापली. पाच हजार प्रती निघाल्या, आणि त्या दिवशी तो घरी गेला तो छाती पुढं काढून. आयुष्यात एक तरी कागद असा केला की अडाणी बाईलाही समजेल, असं त्यानं बायकोला दोनदा ऐकवलं.

पंधरा दिवसांत कुहीकडच्या टोल्यांवरून, लहान लहान वस्त्यांवरून, चारशे बारा अर्ज आले. तीनशे सत्तर अर्जांवर सहाव्या प्रश्नाला 'हो'.

मधुकरराव खूश झाले. "बघा. खिडकीवर विचारलं असतं तर हे सगळे उपाशी म्हणून आले असते. तुमच्या कागदानं सरकारचा माल वाचवला."

शालिकरामला जरा चुकल्यासारखं वाटलं. इतक्या घरात धान्य आहे? मग बाया खिडकीशी काय हौसेनं येत होत्या? पण उत्तर स्वच्छ होतं, अंगठा स्वच्छ होता, चुलीपुढं घेतलेलं होतं. आपणच केलेल्या कागदावर आपणच कसा अविश्वास दाखवायचा? त्यानं 'अपात्र'चा शिक्का घेतला आणि एका दुपारी तीनशे सत्तर वेळा मारला. हात दुखला म्हणून मध्ये चहाही प्याला.

चौथ्या दिवशी प्रेमिला आली. कुहीकडच्या टोल्यांवर घरोघरी फिरणारी सेविका तीच. उन्हातून आलेली, पदरानं तोंड पुसत ती टेबलापुढं उभी राहिली.

"बाबूजी, तुम्ही सगळे फेकून देले म्हणते?"

"फेकले नाही, बाई. धान्य आहे म्हणून लिहून आलं. तुम्हीच लिहिलं."

"म्या लिवलं तेच, जे त्या बोलल्या. त्या 'नाही' म्हणतच नाही जी. चुलीपुढं बसवून इचारलं तर कोन बाई म्हनन घरात दाना नाही म्हनून? घर आयकून राहते. आपण 'नाही' म्हटलं का घर 'तथास्तु' म्हणते, मंग कायमचंच नाही होते. एकेकीनं मडकं दाखवलं मले. बुडाशी मूठभर तांदूळ. ते शिजवत नाही त्या, मडकं रितं करू नये म्हणून. पोट्टे रडून राहिले अन् मडक्यात मूठ तशीच."

लोक म्हणतात ना, काखेत कळसा नि गावाला वळसा. शालिकरामची आई देवकी बेसा गावी शेतावरच्या घरात राहिली आणि तिथंच वारली. साऱ्या जन्मात तिनं एकदाही 'तांदूळ सरले' म्हटलं नव्हतं. लहानपणी ती त्याला शेजारच्या नत्थूजीकडं पिटाळायची, "म्हण, तांदूळ आहे घरी, निवडाचे राह्यले, तवर पायलीभर द्या." दोन दिवस सारं घर आंबिलीवर काढायचं आणि तांदूळ नुसते निवडायचे राहिलेले असायचे. हे सगळं त्याला ठाऊक होतं. टेबलापुढं बसून कागद करताना तेवढंच नेमकं आठवलं नाही. आपला आपल्याला इतका राग त्याला पूर्वी कधी आला नव्हता.

रविवारी तो प्रेमिलाबरोबर एसटीनं कुहीला गेला. तिथून पुढं पायी, चिचटोल्याला. प्रेमिलानं त्याला पहिल्यांदा मनकर्णाच्या घरी नेलं. नवरा कामठीला गेलेला, सहा महिन्यांत ना पत्ता ना निरोप. घरात ती आणि दोन वर्षांची पोरगी, शामला. आढ्याला लुगड्याची झोळी बांधली होती, त्यात पोरगी निजली होती. रडतही नव्हती. शालिकरामनं वाकून बघितलं. मनगट त्याच्या अंगठ्याएवढं होतं, आणि डोळे उघडे होते.

मनकर्णानं पोतं अंथरलं, पाणी दिलं. शालिकराम चुलीपुढं बसला. चूल सारवलेली, गार, राखसुद्धा नव्हती. त्यानं आपलाच प्रश्न आपल्या तोंडानं विचारला.

"बाई, घरात खायला धान्य आहे का?"

"आहे जी," मनकर्णा म्हणाली. आवाज अगदी साधा, शेजारणीला सांगावं तसा.

त्यानं पुन्हा विचारलं नाही. उठून अंगणात आला, कडुनिंबाखाली उभा राहिला आणि म्हणाला, "मनकर्णाबाई, इकडं या जरा."

ती उंबरा ओलांडून आली. एकदा मागं वळून घराकडं पाहिलं, पदर तोंडावर घेतला आणि हळूच म्हणाली, "नाही जी. चार दिवस झाले. पोट्टीले पेज पाजत होती, तेबी सरलं. माह्या आंगावर दूध उतरत नाही आता." मग ती रडली, पण आवाज घरात जाऊ नये अशा बेतानं.

शालिकरामनं तिथंच कोरा अर्ज काढला, 'नाही'च्या चौकोनात खूण केली, अंगठा घेतला. आपल्या जेवणाच्या डब्यातल्या पोळ्या तिच्या हातात ठेवल्या. संध्याकाळपर्यंत दोघांनी टोल्यावरच्या अठ्ठावीस घरी असंच केलं. आत 'आहे', अंगणात 'नाही'. एका घरचंही उत्तर वेगळं आलं नाही.

सोमवारी गठ्ठा मधुकररावांपुढं गेला.

"एकाच घराचे दोन अर्ज? आत हो आणि बाहेर नाही? मी कोणतं खरं धरू?"

"बाहेरचं, साहेब."

"तुम्ही लिहिलंय आतलं ग्राह्य. छापलंय खाली." ते खोटं बोलत नव्हते. "मी म्हणत नाही बाया खोट्या आहेत. पण ऑडिटला काय दाखवू? टिप्पणी लिहा, अर्ज दुरुस्त करा, समितीपुढं ठेवू. समिती बसली की बघू."

शालिकरामनं त्याच दिवशी टिप्पणी लिहिली. इतकी चांगली टिप्पणी त्यानं कधी लिहिली नव्हती. पण समितीचे एक सभासद लग्नाला गेले होते, दुसऱ्यांना ऊन लागलं होतं, आणि तिसऱ्यांना 'अंगण' हा शब्द सरकारी वाटत नव्हता. तारीख पुढं गेली, पुन्हा गेली. कोठारात डबे छतापर्यंत रचलेले होते, आणि कोठारवाला हुकमाशिवाय एक डबा हलवायला तयार नव्हता.

आता इथं खरं सांगायला पाहिजे. नागपुरातच, बर्डीवर दुकानात दुधाच्या पावडरीचा डबा मिळत होता. एक विकत घ्यावा आणि प्रेमिलाच्या हाती चिचटोल्याला धाडावा, हे शालिकरामच्या मनात आलं होतं. एकदा नाही, रोज आलं. तो दुकानासमोर सायकल धरून उभाही राहिला होता. पण मग वाटायचं, एकीला दिला तर बाकीच्यांचं काय? आपण दान करायला बसलोय का? कागद सुधारला की सगळ्यांनाच मिळेल, हक्कानं मिळेल. त्याला हा विचार फार मोठा वाटला, आणि तो सायकलवर बसून घरी गेला.

एकोणीस दिवसांनी मंजुरी आली. नव्या अर्जावर साफ लिहिलं होतं: 'प्रश्न घराबाहेर, अंगणात विचारावेत.' तीनशे सत्तर घरांचे 'अपात्र' रद्द झाले. शालिकरामनं ऑफिसची जीप मागून घेतली, डबे भरले आणि प्रेमिलाला घेऊन स्वतः निघाला. वाटेत तो बराच बोलत होता. हाच अर्ज साऱ्या जिल्ह्याला लागू करू, म्हणत होता. प्रेमिला हूं हूं करत होती.

भर दुपार होती. चिचटोल्यात जीप थांबली तसा तो दोन डबे घेऊन मनकर्णाच्या अंगणात शिरला. कडुनिंबाखाली शेजारचा म्हातारा लहानू बसला होता. तो उठून उभा राहिला.

"मनकर्णाबाई, बाहेर या. दूध आलं."

ती दारात आली. उंबऱ्याच्या आतच थांबली.

"आतच या जी."

शालिकराम हसला. "आता आत विचारायचं नाही, बाई. नियम बदलला. हे बघा, पहिलाच प्रश्न. पाच वर्षांखालचं मूल घरात आहे का?"

"आहे जी," ती म्हणाली.

त्यानं 'हो'च्या चौकोनाकडं पेन नेलं आणि सवयीनं तिच्या खांद्यावरून आत पाहिलं. झोळी सोडलेली होती. लुगडं धुऊन, घडी करून भिंतीशी ठेवलं होतं. आढ्याला नुसता दोर होता.

पेन तिथंच थांबलं. मागून प्रेमिलाचं पाऊल वाजलं आणि तेही थांबलं.

"बाई, बाहेर या," शालिकराम म्हणाला. "एकदा अंगणात या."

मनकर्णानं दोन्ही हातांनी दाराची चौकट धरली. बोटं पांढरी पडली, इतकी घट्ट.

"बाहेर नाही येत जी म्या. इथंच इचारा. इथंच लिवा."

लहानू कडुनिंबाखालून खाली मान घालून म्हणाला, "मंगळवारी गेली जी पोट्टी. आज चवथा दिवस. तवापासून उंबऱ्याभायेर पाय नाही ठेवला तिनं. इहिरीवरून पाणीबी आम्हीच आणून देतो."

मंगळवार. शालिकरामनं मनात मोजलं. सोमवारी संध्याकाळी तो त्या दुकानासमोर सायकल धरून उभा होता.

"बाबूजी," मनकर्णा आतून म्हणाली, "लिवा ना जी. आहे म्हनून लिवा."

प्रेमिला पदर तोंडाला लावून जीपकडं निघून गेली. शालिकरामनं चपला काढल्या, उंबरा ओलांडून आत गेला आणि चुलीपुढं बसला. मनकर्णा त्याच्यासमोर बसली. त्यानं दोन्ही डबे मडक्याशेजारी ठेवले, अर्ज मांडीवर घेतला आणि पहिल्या प्रश्नापुढच्या 'हो'च्या चौकोनात खूण केली. मग शाईचा पॅड पुढं केला आणि तिचा अंगठा घेतला.