भिंतीतले रहिवासी

खाडीच्या काठावर काही नवीन बांधायचं ठरलं की आधी त्याचं नाव ठरतं, मग रंग, मग उद्घाटनाची तारीख, आणि वेळ उरलाच तर ते कशासाठी बांधायचं हेही ठरतं. बाईंनी हे जन्मभर पाहिलं होतं. त्यामुळे जाड, गुळगुळीत निमंत्रणपत्रिका हातात पडली तेव्हा त्यांनी ती आधी हुंगून पाहिली. अत्तर लावलेलं होतं. खाडीच्या कार्यक्रमाच्या पत्रिकेला गुलाबाचं अत्तर! ‘जलचर घरकुल योजना, लोकार्पण सोहळा’ अशी सोनेरी अक्षरं, आणि खाली प्रमुख पाहुण्या म्हणून त्यांचंच नाव.

बाई म्हणजे मुलींच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, आणि गुडघे सोडले तर बाकी सगळं शाबूत असलेल्या. मुली त्यांना पाठीमागे कालवबाई म्हणायच्या. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. नोकरीला लागल्या तेव्हा खाडीच्या या काठाला भिंत नव्हती. उताराचा काठ होता, काळे खडक होते, आणि खडकांवर कालवं इतकी दाट की अनवाणी उतरलेल्या मुलीचे पाय सोलून निघत. ओहोटीला खडकांच्या खळग्यांत पाणी साचायचं आणि त्या ताटभर पाण्यात कोळंबीची पिल्लं, इवले खेकडे, शंख पाठीवर घेऊन पळणारे आणखी कोणकोण, असा सगळा संसार मांडलेला असायचा. बाई मुलींना घेऊन जायच्या, कपडे खोचायला लावायच्या आणि त्या खळग्यांपाशी उकिडवं बसवायच्या. अर्ध्या मुली प्राणी बघायच्या आणि अर्ध्या एकमेकींच्या पायांवरचा चिखल.

मग भिंत आली. पूर येईल म्हणून आली. काठाचा उतार गेला, खडक भरावाखाली गेले आणि सरळसोट, गुळगुळीत काँक्रीट उभं राहिलं. त्यावर चिकटायला जागा नाही, सावली नाही, पाणी साचायला खळगा नाही. ओहोटीला ती भिंत तव्यासारखी तापायची. मग धक्का आला. धक्क्याखाली एवढा अंधार की तिथलं पाणगवत वाढेचना, आणि गवतात लपणारे मासेही येईनासे झाले. मग हौशी लोकांच्या होड्यांसाठी तरंगते तराफे आले. त्यांच्या बुडाने मात्र जीव धरला. पण तो कुणाचा, तर लांबच्या जहाजांना चिकटून आलेल्या रबरासारख्या तपकिरी गोळ्यांचा. इथल्यांना थारा नाही आणि पाहुणे ऐसपैस. प्रत्येक वेळी मांडव पडला, भाषणं झाली आणि प्रत्येक भाषणात ‘निसर्गाशी समतोल राखून’ हे शब्द आले. बाईंना तो समतोल कधी दिसला नाही. त्यांना फक्त मांडव दिसायचा.

आता एक समोरचा काठ तेवढा उरला होता. नुसता चिखल. दिसायला ओंगळ, वास त्याहून वाईट, आणि बोटभर खोल खणलं तर हात भरून जीव. उड्या मारणारे निवटी मासे, बिळाबिळातून नांगी हलवणारे खेकडे, हिवाळ्यात लांब चोचीचे पक्षी. तिथंही भिंत घालायची होती. आणि त्याची किल्ली नेमकी बाईंच्या भाचीच्या हातात होती.

भाची म्हणजे धाकट्या बहिणीची मुलगी. लहानपणी सुट्टीत बाईंकडे राहायची आणि चिखलातून परतल्यावर बाथरूममध्ये खेकडे सोडायची. पुढे तिने याच विषयात डॉक्टरेट मिळवली आणि खाडी विभागात हंगामी नोकरीला लागली. घरकुलं ही तिचीच कल्पना. भिंतीवर बसवायच्या खडबडीत फरशा, त्यांना खोलगट कोनाडे. भरतीला पाण्याखाली जातील, ओहोटीला वाटीभर पाणी धरून ठेवतील. खडकावरच्या जुन्या खळग्यांची नक्कल. बाईंना ती कल्पना पटली होती. त्यांनी तसं तोंडावर सांगितलं नाही, पण नकाशा दोनदा मागून घेऊन पाहिला, आणि भाचीला तेवढं पुरलं.

पुढचं काम विभागाच्या संचालिकेने केलं. ही संचालिका बाईंचीच जुनी विद्यार्थिनी. वर्गात कोणताही प्रश्न विचारला तरी ‘होय बाई’ म्हणायची, म्हणून तिचं नावच होयबाई पडलं होतं. एकदा सहलीला ती टाचांचे नवे बूट घालून आली, एक बूट चिखलाने गिळला आणि तेव्हापासून तिचं चिखलाशी जे वाकडं आलं ते आलंच. फरशा बसवायच्या दिवशी ती कठड्यावरून ओणवली आणि म्हणाली, ह्या इतक्या खाली दिसणार कुणाला? भाची सांगत राहिली की त्या दिसायला नाहीत, बुडायला आहेत. कंत्राटदाराने मात्र मान डोलवली. फरशा पुरुषभर वर चढल्या, फिरायला येणाऱ्यांच्या नजरेच्या टप्प्यात, पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना, फिकट निळ्या रंगात. भरतीचं पाणी तिथवर पोचत नव्हतं. वर्षभरात पोचलंही नाही.

उद्घाटनाच्या आधीच्या रविवारी भाची बाईंकडे आली. चपला काढून थेट स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. लहानपणी मार खाऊन आली की इथेच उभी राहायची. बाईंनी चहाचं आधण ठेवलं आणि पाठ न वळवता विचारलं, “काय राहतंय तुझ्या घरकुलात?”

“सिगारेटची थोटकं. आणि एका कोनाड्यात कबुतराने घरटं घातलंय.”

“म्हणजे एक तरी कुटुंब लागलं मार्गाला.”

भाची हसली नाही. तिने सगळं सांगितलं. समारंभात तिने दोन ओळी वाचायच्या होत्या. घरकुलांमध्ये स्थानिक जलचर वस्तीला आले आहेत, आणि अशी भिंत नैसर्गिक काठाची जागा घेऊ शकते. परवानगी देणाऱ्या मंडळाचे अधिकारी समोर बसणार होते. तिच्या तोंडून ते ऐकलं की समोरच्या काठाचं काम मोकळं. आणि वाचलं की तिची नोकरी कायम.

“मावशी, मी कुबडी बनवली होती,” ती म्हणाली. “एक पाय मोडलाच आहे तर निदान टेकायला काहीतरी. आता हे म्हणतात, कुबडी एवढी छान झाली आहे तर दुसरा पायही मोडू.”

बाईंच्या जिभेवर बरंच काही आलं. पण त्यांनी चहा गाळला, कप पुढे सरकवला आणि मिठाची गुळणी धरली. कारण आदल्याच दिवशी धाकटीचा फोन येऊन गेला होता. धाकटीने एरवीसारखी प्रस्तावनासुद्धा केली नव्हती. पोरगी चाळिशीला टेकली तरी पक्क्या नोकरीचा पत्ता नाही, हे चिखलाचं खूळ तिच्या डोक्यात तूच भरलंस, आता निदान ह्या वेळी मध्ये पडू नकोस, असं तिने एका दमात सुनावलं होतं. बाईंनी शब्द दिला होता की त्या मध्ये पडणार नाहीत. दिला खरा, पण फोन ठेवल्यापासून तो दाढेत अडकलेल्या काडीसारखा सलत होता.

चहा पिऊन झाल्यावर भाचीने विचारलं, “तू काही बोलणार नाहीस?”

“तुझ्या आईला विचार,” बाई म्हणाल्या, आणि कप धुवायला घेतले.

समारंभ सकाळचा होता. पायऱ्या कोरड्या असाव्यात म्हणून ओहोटीची वेळ धरलेली. खाडीच्या पाण्याने खाडीच्या कार्यक्रमात विघ्न आणू नये एवढी दक्षता विभागाने घेतली होती. मांडवात खुर्च्यांना पांढरे झगे घातले होते. मागच्या पडद्यावर निळ्या पाण्यातून डॉल्फिन उड्या मारत होते. बाईंनी उभ्या आयुष्यात या खाडीत डॉल्फिन पाहिला नव्हता, आणि या पाण्यात उडी मारण्याइतका तो खुळा असेल असं त्यांना वाटतही नव्हतं. संचालिका लगबगीने पुढे आली, वाकली, “बाई, तुमच्यामुळेच आम्ही घडलो” म्हणाली. बाई म्हणाल्या की हा आरोप त्यांना मान्य नाही. संचालिका होय होय म्हणत हसली.

भाषणं झाली. समतोल येऊन गेला. मग बाईंच्या हातात कात्री देण्यात आली आणि पायऱ्यांच्या तोंडाशी बांधलेली फीत त्यांनी कापली. मंडळाचे अधिकारी, फोटोवाले, कंत्राटदार, सगळे त्यांच्यामागून पायऱ्या उतरले आणि एकदम टाळ्या झाल्या.

कोनाड्याकोनाड्यात एकेक खेकडा बसला होता. चांगले तळहाताएवढे, हिरवट काळे, ओले, चकाकणारे. अंगावर नुकतंच पाणी मारलेलं असावं. कबुतराचं घरटं कुठे दिसत नव्हतं. फोटोवाल्यांची झुंबड उडाली. मंडळाच्या अधिकाऱ्यांनी एका खेकड्याकडे अशा आदराने पाहिलं की जणू त्यालाच बढती द्यायची आहे.

बाईंना क्षणभर आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. त्या कठडा धरून एका कोनाड्याशी वाकल्या आणि चष्मा सावरला. खेकड्याचे पाय आणि नांग्या सुतळीने करकचून बांधलेल्या होत्या. सुतळीवर निळा रंग फासला होता, फरशांशी मिळताजुळता.

“हे बांधलेत कशाला?” त्यांनी विचारलं.

कंत्राटदार शेजारीच होता. त्याला प्रश्नात काही वावगं वाटलं नाही. “सोडले तर पळून जातील ना, बाई.”

“कुठे?”

“समोर. चिखलात.” त्याने हात करून दाखवलं. “तिथलेच आहेत. सकाळी माणसं पाठवून धरून आणले. माल एकदम ताजा आहे.”

आधी बाईंना हसू फुटलं. त्या इतक्या हसल्या की पायरीवर बसावं लागलं, आणि कुणीतरी पाणी आणायला धावलं. आणि हसता हसताच त्यांना राग आला, असा राग की तो गिळायचा कुठे हेच कळेना. बहिणीला दिलेला शब्द त्यांना आठवला. मध्ये पडणार नाही, असा तो होता. पण मध्ये पडायला आता काय उरलं होतं? मधोमध तर त्यांना पाहुणी म्हणून ह्यांनीच बसवलं होतं, हातात कात्री देऊन.

त्यांनी वर पाहिलं. भाची ध्वनिक्षेपकापाशी कागद घेऊन उभी होती. तिलाही दिसलं होतं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिला हे आधी माहीत नव्हतं, हे बाईंना तिच्या ओठांवरूनच कळलं.

“मला ह्याला धरवत नाही,” बाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या. “कुणी धरलं तर मी सुतळी कापते.”

संचालिका चपापली. “बाई, फोटोनंतर सोडू आपण.”

“फोटोतच सोडू.”

कुणी हललं नाही. खेकड्याला हात लावायला तिथल्या एकाचीही तयारी नव्हती. खाडी विभाग होता तो. खाडीशी त्यांचा संबंध कागदापुरता. मग वरून पावलं वाजली. भाची खाली आली, कागद कंबरेला खोचून. तिने मागच्या बाजूने, पाठीच्या कडेला बोटं घालून, पहिला खेकडा कोनाड्यातून उचलला आणि मावशीपुढे धरला. पकड अगदी बरोबर होती. बाईंनी सुतळी कापली. भाचीने खेकडा पायरीवर ठेवला. तो घटकाभर तसाच बसून राहिला, मग एक पाय लांबवून पाहिला आणि तिरपा तिरपा पाण्याच्या दिशेने सुटला.

दुसरा, तिसरा. चौथा चुकून वरच्या बाजूला पळाला आणि मंडळाचे अधिकारी पायऱ्या सोडून खुर्चीवर जाऊन चढले. एकही खेकडा घरकुलाकडे परतला नाही. कोनाडे रिकामे झाले आणि त्यांच्या तळाशी जुनी थोटकं दिसायला लागली.

भाची वर गेली. हात ओढणीला पुसून तिने ध्वनिक्षेपक जवळ घेतला. खोचलेला कागद तिने काढला नाही.

“मी जे वाचणार होते ते वाचत नाही,” ती म्हणाली. “या भिंतीत आज सकाळपर्यंत कुणी राहत नव्हतं. आता पुन्हा कुणी राहत नाही. फरशा पाण्याच्या वर बसवल्यात, तिथे कुणी राहूच शकत नाही. आणि खाली बसवल्या असत्या तरी त्या चिखलाची जागा घेऊ शकल्या नसत्या. खेकडे समोरून आणले होते. तिथे भिंत घातली, तर पुढच्या उद्घाटनाला खेकडे कुठून आणणार, तेवढं ठरवून घ्या.”

संचालिकेने वहिवाटीप्रमाणे तोंड उघडलं, पण होय म्हणावं असं समोर काहीच नव्हतं. मग चहा आणि सँडविच आले, आणि सगळ्यांना हायसं वाटलं.

वर्तमानपत्रात फोटो आला. बाई, कात्री आणि खेकडा. खाली लिहिलं होतं की ज्येष्ठ शिक्षिकेच्या हस्ते जलचरांचं घरकुलात आगमन. भाचीचं बोलणं कुठेच नव्हतं. पण मंडळाच्या अधिकाऱ्यांनी ते खुर्चीवर उभं राहून, भर सभेत ऐकलं होतं. ऐकलंच नाही असं आता त्यांना म्हणता येईना. समोरच्या काठाचं प्रकरण ‘आणखी अभ्यासासाठी’ मागे ठेवलं गेलं. भाचीची हंगामी नोकरी संपली आणि पुन्हा दिली गेली नाही. संचालिका दुसऱ्या तज्ज्ञाच्या शोधात होती, आणि असा तज्ज्ञ मिळायला फार दिवस लागत नाहीत, हे बाईंना पुरतं ठाऊक होतं.

म्हणून घाई होती. त्या तज्ज्ञाने चिखलात काहीच नाही असं सांगायच्या आत, तिथे कोण कोण आहे हे वीतवीत मोजून मंडळापुढे ठेवायचं, असं भाचीने ठरवलं. ओहोटी लागली की ती गुडघाभर चिखलात उतरायची. बाई काठावर छत्री घेऊन बसायच्या आणि चुका काढायच्या.

तिसऱ्या की चौथ्या खेपेला धाकटी आली. महिनाभर तिने बाईंशी बोलणं टाकलं होतं. नाकाला पदर लावून ती काठावर उभी राहिली आणि भांडण कुठून सुरू करावं याचा विचार करत होती, हे बाईंना स्पष्ट दिसत होतं. तेवढ्यात खालून भाचीने मोजपट्टीचं टोक वर फेकलं.

“आई, धर जरा. ताणून धर, सोडू नकोस.”

धाकटीने ते दोन बोटांत, किळस येऊन उचललं. “ताई, हिला म्हणावं, मी धरलंय ते तिच्यासाठी, ह्या घाणीसाठी नाही.”

“ताणून धर म्हणाली ती,” बाई म्हणाल्या.

धाकटीने पट्टी ताणून धरली.