मी उजवीकडून उघडते

मी उजवीकडून उघडते. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढची सगळी भानगड त्यातूनच झाली. मी एका जपानी चित्रकथेचा, इंग्रजीत आणलेला, चौदावा भाग आहे. तुमचं पुस्तक जिथं संपतं, तिथं माझं पहिलं पान असतं.

माझ्यात एकच लढत आहे, दीडशे पानांची. कराटे स्पर्धेची उपांत्य फेरी. नात्सुकी नावाची मुलगी वाकून नमस्कार करते, लाथा हाणते, मग तिचा गुडघा दगा देतो आणि शेवटच्या पानावर ती आडवी पडते. तेरा भाग जिंकत आलेली पोरगी नेमकी माझ्यात हरते.

नांदेडच्या दुकानातून लुंबिनीनं मला मुखेडला आणलं. ती कॉलेजात शिकते आणि कराटे खेळते. पाय कसा टाकायचा ते दिसावं म्हणून ती मला तिखटाच्या डब्याला टेकवून उभी करायची. माझ्या काही पानांना अजून तिखटाचा वास येतो.

नांदेडच्या स्पर्धेसाठी संमतीपत्रावर वडिलांची सही हवी होती. आनंदराज आठ दिवस टाळत होते. आजी भामाबाई त्यात भर घालायची. "नाक मोडून आली म्हंजे?"

"आजी, नाक माझं हाय."

मोठी माणसं आधी नाही म्हणतात, कारण मागून शोधतात. ते कारण शोधायलाच आनंदराजांनी मला हातात घेतलं. आणि डावीकडून उघडलं.

इंग्रजी मजकुराकडे त्यांनी पाहिलंच नाही, चित्रं बघत गेले. पहिल्याच पानावर आडवी पडलेली पोरगी. मग गुडघ्यावर. मग उभी, लाथा हाणणारी. शेवटी ताठ मानेची, नमस्कार करणारी.

"लई मार खाल्ला हिनं," ते चष्मा काढत म्हणाले. "पण उठली. आण तो कागद."

एरवी मोठ्यांची चूक दिसली की लुंबिनी श्वास न घेता सांगते. त्या दिवशी तिनं मुकाट्यानं पेन पुढं केलं.

नांदेडला मी तिच्या बॅगेत होते. उपांत्य फेरीत ती हरली. परतीच्या बसमध्ये तिनं मला सीटखाली आपटलं आणि लगेच उचललं. तेवढ्यात माझं मुखपृष्ठ सुटलं.

घरात पाऊल टाकताच ती म्हणाली, "पप्पा, हरले मी. आन् पुस्तकातली पोरगी बी हरतीच. तुम्ही उलटं वाचलं होतं. सही पायजे होती म्हणून मी बोलले न्हाई."

भामाबाईनं आधी तिचं नाक चाचपलं. शाबूत होतं.

आनंदराजांनी मला तिच्याकडून मागून घेतलं. आता रद्दीत जाणार, असं मी धरून चालले. त्यांनी मला पुन्हा डावीकडूनच उघडलं आणि आडव्या मुलीवर बोट ठेवलं.

"मला येतं तसंच वाचणार मी," ते म्हणाले. "हे तुझं पहिलं पान झालं. पुढची स्पर्धा कधी हाय?"

सध्या मी तिच्या कराटेच्या पट्ट्याखाली, बॅगेतच असते. सुटलेल्या मुखपृष्ठाला चिकटपट्टी लावायची तर खुशाल लावा. फक्त माझं शेवटचं पान झाकू नका. या घरात ते पहिलं आहे.