माफीची सहल

माफ करायला निघालेली माणसं इतकं खातात, हे धाकटीला त्या दिवशी कळलं. गाडी शहराबाहेर पडते न पडते तोच मोठ्या जावेनं डबे उघडले, नणंदेनं खिडकीतून फोटो काढले, दिरानं गाणी लावली. सासरे पुढच्या सीटवर कडक इस्त्रीच्या शर्टात, मांडीवर बायबल घेऊन असे बसले होते की जणू सत्कारालाच चालले आहेत. गाडी चालली होती तुरुंगाकडे. धाकटीच्या नवऱ्याला ट्रकनं उडवून पळालेला ड्रायव्हर तिथे शिक्षा भोगत होता, आणि सासऱ्यांनी त्याला माफ करायचं ठरवलं होतं.

ठरवलं म्हणजे काय, चर्चमध्ये उभं राहून जाहीरच करून टाकलं, आमच्या कुटुंबानं त्याला क्षमा केली आहे म्हणून. जमलेल्या मंडळींनी डोळे पुसले, पाळकसाहेबांनी मिठी मारली. कुटुंबात धाकटीही येते, तिला एका शब्दानं विचारावं, हे कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. तळपायाची आग मस्तकात गेली तिच्या. नवरा गेला कुणाचा, आणि उदार होतंय कोण?

तरी ती मुकाट्यानं गाडीत बसली, कारण तिला त्या माणसाला एकच गोष्ट विचारायची होती. ट्रक धडकला तेव्हा रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं. नवरा जागच्या जागी गेला की तडफडत पडला होता, हे त्या ड्रायव्हरला एकट्याला ठाऊक. कोर्टात वकिलानं त्याला तोंड उघडू दिलं नव्हतं, आणि भेटीची परवानगी मिळाली होती ती एवढ्या एकाच वेळेपुरती. तिनं सासऱ्यांना तसं सांगून पाहिलं. मागे वळूनही न बघता ते म्हणाले, आज जखमा उकरायच्या नाहीत, बाळ, आजचा दिवस प्रभूचा. मोठी जाऊ म्हणाली, दोन घास खा, बरं वाटेल. धाकटीनं नुसते दात-ओठ खाल्ले.

भेटीच्या खोलीत एक लांब टेबल होतं. अलीकडे ही मंडळी, पलीकडे तो, सैल कपड्यांत खांदे पाडून बसलेला. घंटा झाली की उठायचं, असं शिपायानं बजावलं. सासऱ्यांनी टेबलावरून हात लांबवून त्याच्या खांद्यावर ठेवला, तुला आम्ही क्षमा केली असं सांगितलं आणि प्रार्थना सुरू केली.

प्रार्थना निघाली ती थेट जगाच्या उत्पत्तीपासून. मग मिसर देशातली गुलामी, मग संदेष्टे, मध्येच चर्चचं गळकं छप्पर आणि पाळकसाहेबांचा गुडघा. सगळ्यांचे डोळे मिटलेले. धाकटीचे तेवढे सताड उघडे, घड्याळावर. अरे, ज्याला माफ करायला आलात त्याला जेवलास का म्हणून तरी विचाराल की नाही? शिपायानं घड्याळाकडे पाहिलं आणि तो घंटेकडे निघाला. सासरे नुकते कुठे वधस्तंभापाशी पोचत होते.

“आमेन,” धाकटी खणखणीत आवाजात म्हणाली.

सवयच ती. जाऊ, नणंद, दीर, सगळ्यांनी ‘आमेन’ म्हणून डोळे उघडले. आमेन झाल्यावर प्रार्थना पुढे कशी रेटायची, हे सासऱ्यांना कळेना.

“तो लगेच गेला का?” धाकटीनं विचारलं.

ड्रायव्हरनं सासऱ्यांकडे पाहिलं.

“त्यांच्याकडे नको बघूस. माझ्याकडे बघ.”

“नाही,” तो म्हणाला. “जिवंत होते. पाणी मागत होते. माझ्याकडे बाटली होती. जवळ गेलो, आणि लोक येतील म्हणून घाबरून पळालो.”

खांद्यावरचा सासऱ्यांचा हात सरकून त्याच्या गळ्यापाशी गेला. म्हाताऱ्यानं त्याची कॉलर अशी आवळली की टेबल हललं. “माझं लेकरू पाणी मागत होतं?” एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. ड्रायव्हर हात खाली सोडून तसाच बसून राहिला.

धाकटीच्या मनात होतं, उत्तर ऐकलं की त्याचं तोंड ओरबाडायचं. तिच्या अंगाचा नुसता भडका उडाला होता. पण तो माणूस घुसमटत होता, आणि ते तिच्यानं बघवेना. शिपाई धावत यायच्या आत तिनं उठून सासऱ्यांचं एकेक बोट कॉलरवरून सोडवलं.

“मी तुला माफ केलेलं नाही,” ती त्याला म्हणाली. “पण खरं बोललास.”

घंटा झाली.

परतताना सासरे मागच्या सीटवर तिच्याशेजारी येऊन बसले.

“मी त्याला माफ केलं होतं गं,” ते म्हणाले.

“त्यानं काय केलं हे माहीत नसताना केलं होतं, पप्पा. आता माहीत झालं. आता जमतंय?”

म्हाताऱ्याचा चेहरा पार कोसळला. “नाही.”

“मलाही नाही,” धाकटी म्हणाली. “आता करा प्रार्थना. आता मी मध्ये बोलणार नाही.”

सासऱ्यांनी डोळे मिटले. ‘प्रभू’ म्हणाले, आणि पुढे त्यांना काही सुचेना.