बुरशीवर घेतलेला आळ

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. वय झालं की स्वभाव मऊ होतो म्हणतात. माझा काही झाला नाही. ज्याने मला जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडासमोर धरलं, त्यानेच कधी नीट ऐकलं नाही, तर माझं डोकं फिरणार नाही का?

कारखान्यातून मी थेट एका पत्रकाराच्या हाती आलो. तेव्हा पत्रकारबुवा आपल्या देशात लाचखोरांच्या बातम्या देत. समोरच्याला पुरतं बोलूच द्यायचं नाही, ही त्यांची पद्धत. मोठमोठे अधिकारी घाम पुसत आणि मी फुशारून जाई. पण असल्या बातम्या सगळ्यांना पचत नाहीत. एके दिवशी बुवांना बायकोसह देश सोडावा लागला. मी मोज्यांत गुंडाळलेला, बॅगेच्या तळाशी.

परक्या देशात, कच्च्या भाषेत त्यांना बातमीदार कोण करणार? ते गोदामात खोकी उचलू लागले. लिहिणं सुटलं याचं दुःख त्यांना आतून खाई. मला ते बघवत नसे. शेवटी त्यांचं जुनं काम ऐकून असलेल्या एका विज्ञान मासिकाच्या संपादिकेने लेख मागितला. विषय होता झाडांच्या मुळांवर वाढणारी बुरशी.

बुवा मला घेऊन त्या बुरशीवर काम करणाऱ्या एका संशोधक बाईंकडे गेले. बाई शांतपणे समजावत होत्या. आमचे बुवा मध्येच म्हणाले, "झाडाची साखर घेते? कधीपासून चाललंय हे?"

"अहो, ही बुरशी आहे, अधिकारी नाही!" बाई हसल्या.

बुवा ओशाळले. भाषा कळत नाही हे दिसू नये म्हणून मग दर वाक्याला सुरू झालं, "हो हो, समजलं!" काडीचंही समजत नव्हतं. मला तोंड असतं तर ओरडलो असतो, अहो, गप्प बसा!

लेखात बुरशी चोर ठरली. संपादिकेचा फोन आला. "बदल्यात ती झाडाला काय देते, ते कुठाय? सोमवारपर्यंत नीट करा. नाहीतर पुढचा लेख तुम्हाला देता येणार नाही."

बुवांनी मला मागेपुढे फिरवून हैराण केलं आणि वर राग माझ्यावरच! "डबडं झालंय नुसतं. ऐन वेळी काही टिपत नाही."

बायको भाजी चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली. "त्याला कशाला बोलताय? बाई सांगताहेत आणि वरून तुमचं समजलं, समजलं! जा, नाही समजलं म्हणून सरळ सांगा."

"या वयात?"

"मग उचला खोकी."

दुसऱ्या दिवशी बुवा बाईंपुढे उभे राहिले. "मला त्या दिवशी काहीच कळलं नव्हतं," म्हणत त्यांनी मला टेबलावर ठेवलं.

"बरं झालं बोललात. बसा." बाईंनी पुन्हा सगळं सांगितलं. बुरशी दूरवरून ओल आणि खनिजं गोळा करून मुळांना पोचवते.

"पण कुणी किती द्यायचं, हे कसं ठरतं?"

"ते अजून आम्हालाही नीट कळलेलं नाही."

माझ्या फितीवर बुवांची शांतता पहिल्यांदाच उमटली.

लेख छापून आला, गोदाम सुटलं, पुढे पुस्तकंही झाली. मग आवाज टिपणारा मोबाइल फोन आला आणि मी खणात गेलो. आता बुवा भाषणांत सांगतात, "एका जुन्या टेपरेकॉर्डरने मला ऐकायला शिकवलं." लोक टाळ्या वाजवतात. इकडे माझ्यातले सेल कुणी काढलेच नाहीत. ते गळताहेत आणि आतल्या तारा गंजताहेत. त्या संशोधक बाई आता हयात नाहीत. त्यांचा आवाज माझ्या पोटातल्या कॅसेटवर तेवढा उरला आहे.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी त्या भाषणाला गेलात, तर टाळ्या वाजवू नका. उठून एवढंच सांगा, "काका, आधी घरी जा आणि सेल काढा."